घरच्या प्रार्थनेत मत्तयची वंशावळ: काही महिने वापरल्यानंतर

मत्तय 1:1-17 हा येशूच्या पूर्वजांच्या नावांचा शास्त्रभाग बहुतेक घरांत नाताळाच्या सुमारास एकदा घाईघाईने वाचला जातो आणि सगळे योसेफाच्या स्वप्नाकडे वळतात. तोच भाग रोज रात्री एक नाव घेऊन कौटुंबिक प्रार्थनेत वापरायची पद्धत आता काही महिने चालवून झाली आहे. ती टिकते, लहान-मोठ्यांना पुरते आणि शास्त्राचा न उघडलेला बराच भाग उघडायला लावते. काही ठिकाणी मात्र हमखास अडते.

लागते ते एवढेच: संदर्भवचने (तेच नाव आणखी कुठे येते ते दाखवणाऱ्या टिपा) असलेले पवित्र शास्त्र, आखीव वही आणि पेन्सिल. वहीच्या जोडपानावर तीन उभे रकाने करावेत, प्रत्येकी 14 ओळींचे. पहिली अडचण इथेच येते. मत्तय तीनदा चौदा पिढ्या सांगतो, पण येशूपर्यंत वेगवेगळी नावे भरतात 41. यासाठी पहिल्या रकान्यात अब्राहाम ते दावीद लिहावेत, दुसऱ्याच्या वरच्या ओळीवर दावीद पुन्हा लिहून योशीयापर्यंत यावे, आणि तिसऱ्यात यखन्या ते येशू. तिन्ही रकाने नेमके भरतात. दुसरा रकाना शलमोनापासून धरला तर तिसऱ्यात एक ओळ रिकामी राहते आणि प्रार्थनेची वेळ मोजण्यात जाते. तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको (बथशेबा) आणि मरीया यांची नावे त्या-त्या ओळीतच पुढे लिहावीत. योराम आणि उज्जीया यांच्या मध्ये 1 इतिहास 3:11-12 प्रमाणे आणखी तीन राजे येतात, ते मत्तयने गाळले आहेत. समासात नोंद करून पुढे जावे.

रोजचा क्रम असा: नाव मोठ्याने वाचायचे, संदर्भवचन काढायचे, जास्तीत जास्त पंधरा वचने वाचायची, त्या माणसाबद्दल एकच प्रश्न विचारायचा आणि प्रार्थना. दहा-बारा मिनिटे पुरतात. पंधरा वचनांची मर्यादा मोडली की मुले पेंगतात आणि दोन दिवसांत सगळे बंद पडते.

सगळ्यात जास्त हाती लागते ते दुसऱ्या रकान्यात. आहाजाने परक्या देवतांसाठी आपला मुलगाही अग्नीत अर्पण केला (2 राजे 16), त्याचाच मुलगा हिज्कीया परमेश्वराला धरून राहिला. हिज्कीयाचा मुलगा मनश्शे 55 वर्षे राज्य करून बापाने पाडलेली उच्च स्थाने, म्हणजे टेकड्यांवरची पूजास्थाने, पुन्हा बांधतो. त्याच्यानंतर आमोन, तोही तसाच. आणि आमोनाचा मुलगा योशीया वयाच्या आठव्या वर्षी गादीवर बसून पुढे मंदिराची डागडुजी करतो, तेव्हा नियमशास्त्राचा ग्रंथ सापडतो. या पाच ओळी लागोपाठ पाच रात्री वाचल्या की कोणाही आईबापाला दोन गोष्टी टोचतात: चांगल्या घरातला मुलगा आपोआप विश्वासात येत नाही, आणि वाईट घरातला हातचा गेलेला नसतो. मनश्शेसाठी 2 राजे 21 वर थांबू नये, 2 इतिहास 33:10-13 जरूर वाचावे. तो बेड्यांमध्ये पश्चात्ताप करतो, हे राजांच्या पुस्तकात नाही.

तिसऱ्या रकान्यात जरुब्बाबेलानंतर संदर्भवचने संपतात. अबीहूद, एल्याकीम, अज्जूर, सादोक, याखीम, एलीहूद, एलाजार, मत्तान, याकोब: या नऊ जणांविषयी नावापलीकडे काहीच सांगितलेले नाही. ते कसे जगले, काय करत होते, कळत नाही. इथे बरेच जण नऊ नावे एका रात्रीत उरकतात. तसे करू नये. या रात्री वाचनाऐवजी घरातल्याच आज्या-पणज्यांपैकी एकेकाचे नाव घेऊन देवाचे आभार मानावेत. मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत ज्यांचे फक्त नाव उरले आहे, त्यांच्यासाठी याहून चांगली जागा दुसरी नाही.

लहान मुले असतील तर दोन बदल करावेत. उत्पत्ती 38 सध्या बाजूला ठेवून तामारेचे फक्त नाव घ्यावे. उरीयाच्या बायकोपाशी 2 शमुवेल 11 ऐवजी 12:1-13 घ्यावे, म्हणजे नाथान संदेष्ट्याचा कोकरीचा दृष्टांत. तो सात वर्षांच्या मुलालाही कळतो. रूथसाठी दुसरा अध्याय उत्तम, मात्र तो पंधरा वचनांत बसत नाही, दोन रात्रींत वाटावा.

एक धोका मोठ्यांचा आहे. वंशावळ हातात आली की आपले मूळ घराणे, मूळ गाव, आपल्यात विश्वास किती पिढ्यांचा, ही बोलणी सुरू होतात. 1 तीमथ्य 1:4 मध्ये पौल अशाच वंशावळ्यांच्या वादाविषयी सावध करतो. तेव्हा राहाबेची ओळ पुन्हा वाचावी: यरीहोतली कनानी वेश्या याच यादीत आहे.

लूक 3:23-38 दुसऱ्या फेरीसाठी ठेवावे. ती यादी येशूपासून आदामापर्यंत उलटी चढते आणि दाविदाच्या नाथान या मुलाकडून जाते. तिथे योसेफ एलीचा मुलगा, तर मत्तयात याकोबाचा. दिराशी विवाहाचा नियम (निपुत्रिक मेलेल्या भावाच्या विधवेशी लग्न करून त्याचा वंश चालवणे) किंवा लूकची यादी हा मरीयेचा वंश, असे दोन खुलासे फार जुन्या काळापासून दिले जातात. शास्त्र स्वतः निवाडा करत नाही, म्हणून एका रात्रीपेक्षा जास्त वेळ त्यावर घालवू नये.

14 नोव्हेंबरला अब्राहामापासून सुरुवात केली की दाविदाचे नाव एकदाच धरून 24 डिसेंबरच्या रात्री येशूचे नाव येते. रूथची जादा रात्र आणि रविवारच्या सुट्ट्या धरायच्या तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच वही आखून सुरुवात करावी.