आरसी गाडीची बॉडी रंगवायला देताय? आधी माझे १५,४९९ रुपये ऐका

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे "किती गेले?" हे विचारायला नको. १५,४९९. बायकोला मी सहा हजार सांगितलेत.

वय ४६, राहायला नेरुळ, आणि रविवारी पहाटे मैदान रिकामं असताना रिमोटची गाडी पळवतो. हसा. पोलीसही हसले, त्यावर येतोच.

गाडी एकास दहा मापाची. तिच्यासाठी ४,८०० ला नवी पारदर्शक बॉडी घेतली, सोबत कडक प्लास्टिकचा मागचा विंग आणि दोन आरसे. ही बॉडी पॉलिकार्बोनेटची असते आणि तिला रंग आतून मारतात. बाहेरून पातळ फिल्म चिकटवलेली असते, ती सगळं वाळल्यावर सोलायची. मग गाडी कितीही घासली तरी रंग प्लास्टिकच्या मागे सुरक्षित. मी स्वतः दोनदा करून पाहिलंय. दोन्ही वेळा मास्किंग टेपखालून रंग झिरपला आणि खिडक्यांना मिशा फुटल्या. म्हणून म्हटलं, यंदा जाणकाराला देऊ.

जाणकार इन्स्टाग्रामवर सापडला. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल, पण एक ऐकून घ्या: त्याला काम खरंच माहीत होतं. बॉडी आधी भांड्यांच्या साबणाने धुवायची, लालच्या मागे पांढऱ्याचा हात द्यायचा म्हणजे लाल उठतो, बॉडीला टामिया या जपानी कंपनीचे पीएस स्प्रे आणि विंगला त्यांचेच टीएस, कारण पीएस कडक प्लास्टिकवर मारायचे नसतात. हे मी विचारलं नव्हतं, त्याने आपणहून सांगितलं. असा माणूस चोर असेल असं तुम्हाला तरी वाटलं असतं का?

वाशी स्टेशनबाहेर त्याचा पोरगा येऊन खोका घेऊन गेला. आगाऊ ३,५००. चार दिवसांनी "ओरिजिनल स्प्रेचे" २,२००. दोन आठवड्यांनी उरलेले ३,५००, आणि वर कुरिअरचं डिपॉझिट १,४९९, "पार्सल मिळालं की परत". सगळं यूपीआयने, सगळं मी स्वतःच्या हाताने.

आता तो फोटो. शेवटचे ३,५०० पाठवायच्या आदल्या रात्री त्याने "काम झालं" म्हणून बॉनेटचा जवळून फोटो टाकला. लाल, छान चकचकीत. मी बोटांनी मोठा करून पाहिला. रंगात धुळीचे दोन-तीन कण अडकलेले, आणि एका कडेला ओघळाचा थेंब थिजलेला. रंग आतून मारला असेल तर बाहेरच्या बाजूला धूळ अडकेलच कशी? ओघळ दिसेलच कसा? बाहेर तर नुसतं प्लास्टिक! हे मला माहीत होतं. दोनदा हात लाल करून शिकलो होतो. आणि तरी मी त्याला काय लिहिलं? "मस्त दिसतंय दादा." रात्री साडेअकरा वाजले होते, ऑफिसात मार्च एंड चालू होता, डोळ्यांवर झोप होती. पण खरं सांगायचं तर लाल रंग बघून मी खूश झालो होतो. तो थेंब अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

पार्सल आलं. फिल्मचा कोपरा धरून ओढला आणि अख्खा लाल रंग फिल्मसकट निघून आला, उन्हाने सोललेल्या कातडीसारखा. पठ्ठ्याने फिल्मवरच हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे मारला होता. आतून काही करून बघितलं असावं आणि थिनरने पुसलं असावं. थिनरने पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. बॉडीभर जाळी पडलेली, छप्पर बोटाने दाबलं तर कडकन मोडलं. विंग आणि आरसे खोक्यात नव्हतेच. डिपॉझिट मागितलं तर "परत करण्यासाठी" त्याने क्यूआर कोड पाठवला. तो मी स्कॅन केला नाही. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, एवढं मलाही कळतं.

बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "पार्सल मिळालं ना? मग फसवणूक कसली? कामाची क्वालिटी पटली नाही एवढंच." म्हणजे चोराने रिकामा खोका पाठवला असता तर मी फिर्यादी, मोडकी बॉडी पाठवली म्हणून मी कटकट्या गिऱ्हाईक! शेजारच्या टेबलावरचे म्हणाले, "खेळण्यासाठी एवढं?" मग हद्द निघाली: खोका वाशीत दिला, तिकडे जा. तिथले म्हणाले, पैसे नेरुळहून गेले, तिकडे जा. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ स्पष्ट म्हणतं, दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, हद्द बघायची नाही. फसवणुकीचं जुनं ४२० आता न्याय संहितेत ३१८ झालंय हेही मीच सांगितलं. "वकील आहात का?" नाही, लेखापाल आहे. चार फेऱ्या, दोन अर्धे दिवस रजा, आणि हाती एक शिक्का मारलेला कागद. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो, आणि माझ्याकडे फक्त एक मोबाइल नंबर, तोही बंद.

फसलात तर १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, लगेच फोन करा. मी अकरा दिवस घालवले, आणि पैसे खात्यातून पुढे सरकायच्या आधी तक्रार गेली तरच ते गोठवता येतात. फोटो नको, व्हिडिओ मागा, त्यात बॉडी उलटी करून आतली बाजू दाखवायला लावा. देण्याआधी बॉडीच्या कडेला, जी नंतर कापून टाकायची असते तिथे, मार्करने खूण करा. पोर्टफोलिओचे फोटो गुगल लेन्सवर टाका. मी नंतर टाकले, तर त्याच्या बारापैकी सात गाड्या परदेशातल्या लोकांच्या निघाल्या.

आठवी मात्र माझी. गेल्या आठवड्यात त्याच पानावर तोच बॉनेटचा फोटो चढलाय, "नवी मुंबईची ऑर्डर पूर्ण" म्हणून. खाली ४१ लाइक. थेंब तसाच दिसतोय. मी कमेंट टाकली, दोन मिनिटांत ब्लॉक.