५८ सीसीची पेट्रोल चेनसॉ: मशीन दमदार, खोक्यात सामान अर्धंच

यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडे तालुक्याच्या कोणत्याही अवजारांच्या दुकानात दहा हजारांच्या आत मिळणारी ही मशीन. ५८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, २२ इंची बार, म्हणजे साखळी जिच्यावर फिरते ती लोखंडी पट्टी. धुऱ्यावरची बाभूळ, वाळलेला कडूनिंब, मोडीत काढलेली संत्र्याची बाग, या कामांना तिची ताकद पुरून उरते. किमतीच्या मानाने इंजिनला नाव ठेवायला जागा नाही. नाव ठेवायचं ते बारला आणि खोक्याला.

आधी बार. वावरातल्या बहुतेक झाडांचा बुंधा फूट-सव्वा फुटाचा असतो. त्यात २२ इंची बार घातला की टोक पलीकडे निघतं आणि कापणाऱ्याला ते दिसत नाही. टोकाच्या वरच्या पाव भागाला फांदी, दगड किंवा कुंपणाची तार लागली की साखळी पुढे जात नाही, अख्खी मशीन उसळून तोंडाकडे येते. हात सावरायच्या आत हे होऊन जातं. म्हणून दुकानदाराकडून १८ इंची बार मागून घ्यावा. त्यासोबत साखळीही बदलावी लागते: पिच (कड्यांमधलं अंतर) .३२५ इंच आणि गेज (खोबणीत बसणाऱ्या कडीची जाडी) .०५८ इंच तेच, पण २२ इंचीला ८६ ड्राइव्ह लिंक, म्हणजे खोबणीत बसणाऱ्या कड्या, लागतात तिथे १८ इंचीला सहसा ७२. नवीन बारवर लिहिलेला आकडा वाचून मगच साखळी घ्या.

पैसे देण्याआधी मशीन दुकानासमोर सुरू करायला लावा. जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत पाय अडकवून, ब्रेक लावूनच दोरी ओढायची. मग ब्रेक काढून फुल रेस द्या आणि डाव्या मनगटाने पुढची ढाल, म्हणजे ब्रेकचा दांडा, पुढे ढकला. साखळी तिथल्या तिथे थांबली पाहिजे. फिरत राहिली तर ती मशीन परत. स्लोवर साखळी आपोआप सरकत असेल, तर आयडलचा स्क्रू डावीकडे थोडा फिरवून ती थांबते का पाहा. स्वस्त मशीनमध्ये सगळ्यात जास्त फरक या ब्रेकमध्येच असतो. एकाच ठोकातल्या दोन मशीन सारख्या निघतील असं धरून चालू नका.

पेट्रोलमध्ये टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल किती, याचं प्रमाण मशीनच्या पुस्तकात असतं. या जातीच्या मशीनला बहुधा २५:१ सांगतात, म्हणजे लिटरला ४० मिलि. मिसळलेलं पेट्रोल महिन्याच्या वर ठेवू नये. पंपावरच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओल ओढतं आणि कार्ब्युरेटरचा पडदा कडक होतो. साखळीच्या टाकीत ट्रॅक्टरचं जळकं ऑइल ओतायची आपल्याकडे सर्रास सवय आहे. त्यातल्या लोखंडाच्या कणांनी ऑइलचा पंप तुंबतो, बार कोरडा पडून निळा होतो, साखळी ताणते आणि खोबणीतून सुटते. पेट्रोल भरताना दर वेळी ऑइलही भरायचं. चालती मशीन थांबवून, गार झाल्यावर.

बाभळीचं लाकूड चिवट, साखळी लवकर बोथट होते. कापताना चिलप्यांऐवजी भुकटी पडू लागली की थांबा. ४.८ मिमीची गोल कानस, ३० अंशांचा कोन, प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन हात. एका बाजूचे दात लहान राहिले तर काप वाकडा जातो आणि बार अडकतो. बोथट साखळीने माणूस मशीनवर जोर देतो, आणि घसरायला तेवढंच पुरतं.

आता खोकं. एक कानस, पाना, मिश्रणाची बाटली, बारचं कव्हर. हेल्मेट नाही, कानाला मफ नाही, पायाला काही नाही. जीन्स आणि चप्पल हे संरक्षण नव्हे; फुल रेसला साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर धावते. चेनसॉच्या पँटमधले लांब धागे साखळीत ओढले जाऊन साखळी फिरवणारं चाक जाम करतात, ते काम जाड कापड करू शकत नाही. पँट, जाळीचं हेल्मेट, मफ आणि बूट धरून मशीनचा खरा भाव काढा.

पुस्तकातलं झाड पाडण्याचं पान फार त्रोटक आहे, म्हणून इथे सविस्तर. १६ इंची, म्हणजे ४० सेंमीचं खोड धरा. ज्या बाजूला पाडायचं तिकडे ८ ते १० सेंमी खोल खाच, तोंड किमान ४५ अंश उघडं. मग मागून, खाचेच्या कोपऱ्यापेक्षा दोन-तीन सेंमी वर आडवा काप. मध्ये ४ सेंमीची बिजागरी, म्हणजे न कापलेली लाकडाची पट्टी, सोडायचीच. ती कापून टाकली की झाड कुठेही फिरतं. बार पूर्ण आत गेला की मागे लाकडी किंवा प्लास्टिकची पाचर ठोका. लोखंडी नको, साखळी लागली की दात जातात. धुऱ्यावरची झाडं बहुधा वावराकडे झुकलेली असतात. फार झुकलेल्या झाडाला मागून सरळ काप दिला तर खोड उभं चिरून मागचा भाग वर उसळतो. तसलं झाड या मशीनवर शिकायचं नाही, अनुभवी माणसाला द्यायचं.

सुरू करण्याआधी पळायला मागे तिरप्या दोन वाटा मोकळ्या करा, आणि झाडाच्या दुप्पट उंचीच्या आत कुणी नको. दोर ओढणारे लोकही यात आले. आपल्याकडे दोर आखूड असतो आणि माणसं नेमकी झाड पडेल तिथे उभी असतात. दोर उंचीच्या दुप्पट हवा. वर आग्या मोहोळ असेल किंवा कृषिपंपाची तार जात असेल, तर मशीन खाली ठेवा. तारेसाठी आधी लाइनमनकडून सप्लाय बंद करून घ्या.

मोह, सागवान, आंबा, चिंच, जांभूळ ही झाडं स्वतःच्या वावरात असली तरी राज्याच्या १९६४च्या वृक्षतोड कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. दुकानदार हे सांगत नाही.

सुटे भाग सहज मिळतात, हा मोठा फायदा. घेतानाच एक जादा साखळी, प्लग, एअर फिल्टर आणि दोन प्लास्टिकच्या पाचरी बिलात टाकून घ्या.