एमआयटी, जीपीएल की एसएसपीएल: डिस्ट्रोच्या बाजूने पाहिलं तर

आपलं सॉफ्टवेअर डेबियन, फेडोरासारख्या डिस्ट्रोंनी (लिनक्स आणि त्यावरचं सॉफ्टवेअर एकत्र बांधून वाटणाऱ्या प्रकल्पांनी) पॅकेज करावं अशी इच्छा असेल, तर परवाना ठरवताना दोन प्रश्न वेगळे ठेवा. माझ्या कोडचं कोण काय करील, हा एक. आणि डिस्ट्रोला तो वाटता येईल का, हा दुसरा. पहिल्यावर सगळेच काथ्याकूट करतात. दुसरा सुचतो तो मेंटेनरची, म्हणजे डिस्ट्रोत तुमचं पॅकेज सांभाळणाऱ्याची, तक्रार आल्यावर.

एमआयटी किंवा बीएसडी परवान्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर ठेवला की कुणीही कोड बंद उत्पादनातसुद्धा घालावा. वितरक खूश. मात्र उद्या एखाद्या क्लाउड कंपनीने त्यावर सेवा विकली, तर तुम्हाला ब्र काढता येणार नाही. हे आजच खुपत असेल तर एमआयटीच्या वाटेला जाऊ नका.

जीपीएलमध्ये प्रोग्राम वाटणाऱ्याला सोर्सही (मूळ कोड) त्याच अटींवर द्यावा लागतो. डिस्ट्रोंना याची सवय आहे, लिनक्सचा गाभा असलेला कर्नलच जीपीएल २ खाली आहे. गोची होते ती सरमिसळीत. सीडी लिहिणाऱ्या सीडीआरटूल्सचा बराच भाग २००६ मध्ये सीडीडीएल या दुसऱ्या परवान्याखाली गेला, काही भाग जीपीएलखालीच राहिला. लेखकाच्या मते यात काही गैर नव्हतं. डेबियनच्या मते या दोन परवान्यांच्या अटी एकत्र पाळणं अशक्य होतं, म्हणून त्यांनी फोर्क करून, म्हणजे कोडची वेगळी शाखा करून, सीडीआरकिट काढलं. गंमत म्हणजे दोन्ही परवाने मुक्तच, म्हणजे वापरायला, बदलायला, वाटायला मोकळीक देणारे! सीडीडीएलखालच्या झेडएफएस या फाइल सिस्टिमचं दुखणंही हेच. २०१६ मध्ये उबुंटू १६.०४ ने त्याचं तयार (कंपाइल केलेलं) मॉड्यूल कर्नलबरोबर दिलं. उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने ते कायदेशीर मानलं, तर सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेने त्याला जीपीएलचा भंग म्हटलं. डेबियन सोर्स देतं आणि मॉड्यूल वापरणाऱ्याच्या मशीनवर कंपाइल होतं.

म्हणून जीपीएल घेणार असाल तर आधी लायब्ररींचे परवाने तपासा आणि ‘आवृत्ती २ किंवा नंतरची कोणतीही’ असं लिहा. अपाचे २.० या परवान्याचा कोड जीपीएल ३ बरोबर चालतो, नुसत्या २ बरोबर नाही. ते चार शब्द पुढची बरीच पत्रापत्री वाचवतात.

एसएसपीएल हा परवाना मोंगोडीबी या डेटाबेसच्या कंपनीने २०१८ मध्ये आणला. सॉफ्टवेअर सेवा म्हणून द्यायचं असेल, तर बॅकअप, देखरेख, व्यवस्थापन या सगळ्याचा सोर्स खुला करा, अशी त्याची अट. क्लाउड कंपन्यांवरचा राग समजतो, पण यात भरडला जातो डिस्ट्रोचा मेंटेनर. फेडोराने हा परवाना मुक्त मानला नाही, डेबियननेही मोंगोडीबी काढून टाकलं. रेडिस या दुसऱ्या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये बीएसडी सोडून एसएसपीएल आणि स्वतःचा एक परवाना असे दोन पर्याय ठेवले. जुन्या आवृत्त्यांचा बीएसडी परवाना काही मागे घेता येत नव्हता, त्यामुळे काही दिवसांतच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली वाल्की हा फोर्क उभा राहिला. मे २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएलचा (जीपीएलचाच नेटवर्क सेवांसाठीचा प्रकार) पर्याय दिला, तोवर वाल्की बऱ्याच ठिकाणी रुजलं होतं.

सर्व्हरचं सॉफ्टवेअर असेल तर मी सरळ एजीपीएल घेईन. बदललेला प्रोग्राम नेटवर्कवरून वापरायला दिला तरी सोर्स द्यावा लागतो आणि डिस्ट्रोंनाही तो चालतो. काही मोठ्या कंपन्या त्याला हात लावत नाहीत, ते गृहीत धरा. लायब्ररी असेल तर एमआयटी किंवा अपाचे, डेस्कटॉप प्रोग्रामला जीपीएल.

नावाचा प्रश्न मात्र यातला कुठलाच परवाना सोडवत नाही. फायरफॉक्सचा कोड मुक्त होता, तरी ट्रेडमार्कच्या अटींवरून २००६ मध्ये डेबियनने त्याचं नाव आइसवीझल केलं. मूळ नाव परतलं २०१६ मध्ये. पॅच लावलेली, म्हणजे डिस्ट्रोने बदललेली, आवृत्ती तुमच्या नावाने वाटू द्यायची की नाही, हे रीडमीमध्ये आधीच लिहून ठेवा.