रॅम बदलायले गेलो अन् एसएसडी लावून आलो

मी दारव्हा तालुक्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. यंदा ऐन सीझनमधी प्रीमियर प्रो, म्हणजे माहं एडिटिंगचं सॉफ्टवेअर, इतकं अडकत होतं की हळदीच्या क्लिपा टाइमलाइनवर टाकल्या की स्क्रीन तशीच थांबून राहे, मले वाटलं रॅम गेली, म्हणून सीपीयू उचलून तालुक्याच्या एका दुकानात नेला. तिथल्या दादानं रॅम विकलीच नाही! आधी सी ड्राईव्ह उघडून दाखवला, ४ जीबी जागा उरली होती फक्त. बाकी सगळी मीडिया कॅश, म्हणजे प्रीमियरनं कामासाठी बनवून ठेवलेल्या तात्पुरत्या फायली: आवाजाच्या सीएफए अन् वेव्हफॉर्मच्या (आवाजाच्या आलेखाच्या) पीईके फायली, त्याही अशा लग्नांच्या ज्यांचे पेनड्राईव्ह कधीचेच देऊन झाले.

त्यानं ५०० जीबीची साटा एसएसडी (फायली ठेवायची वेगवान ड्राईव्ह) लावली, प्रेफरन्सेसमधी जाऊन मीडिया कॅशची जागा तिच्यावर केली अन् जुन्या फायली आपोआप डिलीट व्हायचं सेटिंग चालू केलं. मी तं घाबरलोच, म्हटलं दादा शूटिंग तं नाही ना उडणार? त्यानं शांतपणे समजावलं, कॅश पुसली तरी ओरिजिनल फुटेजले काही होत नाही, प्रोजेक्ट परत उघडला की त्या फायली नव्यानं बनतात, पहिल्या वेळी थोडं थांबा लागते एवढंच. पुसताना प्रोजेक्ट बंद ठेवजा म्हणे.

आता मल्टिकॅमचं, म्हणजे एकापेक्षा जास्त कॅमेऱ्यांनी शूट केलेलं लग्नही मस्त चालते. कामाले दोन दिवस लागले, सीझनमधी ते लय जड गेलं, म्हणून जाताना आधी फोन करून जा. बिल मात्र पक्कं देतात.