सासूबाईंच्या ड्युटीच्या साड्यांची गोधडी (बाळीवेस, सोलापूर)

आमच्या सासूबाई सोलापूरच्या सिव्हिलमध्ये सिस्टर होत्या. गेल्या वर्षी त्या गेल्या. ट्रंक उघडली तर ड्युटीच्या पांढऱ्या साड्या कडुलिंबाचा पाला घालून नीट ठेवलेल्या. बोहारणीला द्यायचं कुणाच्याच मनात येईना. बाळीवेशीत एक मावशी घरीच, हातानं गोधड्या शिवतात असं शेजारणीनं सांगितलं, म्हणून त्यांच्याकडे नेल्या.

मावशींनी आधी साड्यांचे दोन ढीग केले, सुती आणि टेरिकॉट. टेरिकॉट त्या घेतच नाहीत. टाका सरकतो, कितीही वापरली तरी मऊ पडत नाही, घाम टिपत नाही. सुतीसुद्धा परत पाठवल्या, गरम पाण्यात खळ पूर्ण उतरवून आणा म्हणून. खळ राहिली तर सुई अडते आणि पुढे कसर लागते. नाइट करून आल्या तरी आई दुसऱ्या दिवशीच्या साडीला खळ स्वतः करायच्या, आम्हा सुनांवर सोडायच्या नाहीत. ती इतकी कडक की उतरवताना माझे हात भरून आले.

एका साडीवर, पदराजवळ, जीव्ही पेंटचा, म्हणजे जखमेवर लावायच्या औषधाचा, जांभळा डाग होता. ती किल्लारीच्या भूकंपाच्या वेळची. ३० सप्टेंबर १९९३, आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालेलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आमच्याही घरात मांडणीवरची भांडी खाली आली. मी तेव्हा नवी सून. जखमींच्या गाड्या सोलापुरात यायला लागल्या आणि आई ज्या गेल्या त्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आल्या. आंघोळ केली, वरणभात जेवल्या आणि मला म्हणाल्या, "लेकरांची नावं सांगायला मागं कुणी राहिलं नाही गं. हातावर चिकटपट्टी लावून नंबर टाकले." त्या रात्रीबद्दल त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. साडी मात्र टाकली नाही.

कात्री लावायच्या आधी मावशींनी विचारलं, "डाग आत घालू का वर ठेवू?" मी वर म्हटलं. त्यांनी तो बरोबर मध्यात घेतला. गोधडी कडेपासून आत शिवत नेतात, त्यामुळे शेवटचा धावदोरा त्या डागाभोवती फिरलाय. टाके लाल दोऱ्याचे, तांदळाएवढे, एका रेषेत. इतकं स्वच्छ हातकाम मी अलीकडे पाहिलं नाही.

चारी बाजूंना आईंच्या हिरव्या इरकलीचे काठ लावायचे ही कल्पना मावशींची. ती इरकल आई फक्त घरच्या कार्याला नेसायच्या, आणि कार्यं सगळी त्यांनीच पार पाडली. दोन्ही दिरांची शिक्षणं, नणंदेचं लग्न, सगळं त्यांच्या पगारावर. रिटायर झाल्यावरही गल्लीतली माणसं इंजेक्शन टोचून घ्यायला आमच्याच ओसरीवर यायची. पण आधी डॉक्टरची चिठ्ठी. चिठ्ठी नसेल तर कितीही जवळचा असो, परत पाठवायच्या.

शिलाई १८०० रुपये पडली, दोरा त्यांचाच. चार थर आहेत, आमच्याकडच्या थंडीला पुरेसे. तक्रार एकच: सांगितलेली तारीख टळली आणि मध्ये फोन उचलला जात नव्हता. आम्हाला वर्षश्राद्धाच्या आत हवी होती, त्यामुळे जीव टांगणीला लागला. एका कोपऱ्याचे टाके सैल निघाले, ते मात्र समोर बसून लगेच उसवून नीट करून दिले.

मशीनमध्ये घालू नका, भिजली की फार जड होते. घमेल्यात पायानं तुडवून धुवा आणि कठड्यावर टाकून कडक उन्हात वाळवा. दिवाळीनंतर त्यांच्याकडे रांग लागते, तेव्हा कपडे पावसाळ्यातच नेऊन द्या. उरलेल्या सुती साड्या मी नणंदेच्या गोधडीसाठी त्यांच्याकडेच टाकल्या आहेत.