उनो, डॉबल, टॅबू की आपलं नॉट ॲट होम?

वेंगुर्ल्यात माझ्याकडे पाचवी ते नववीची मुलं इंग्रजीच्या शिकवणीला येतात. पावसाळ्यात लाइट गेली की पुस्तकं मिटतात, पत्ते निघतात. पहिल्याच वर्षी एका आजोबांनी उंबऱ्यातून विचारलं, "ह्येका पत्ते कुटूक धाडतांव काय आमी?" गणपतीत रात्र रात्र मेंढीकोट रंगवणारे हेच आजोबा! पण प्रश्न रास्त होता. तेव्हापासून मी खेळ एकाच कसोटीवर घेते: तोंड न उघडता डाव पुरा होतो का?

उनोचा होतो. 1971 साली अमेरिकेत ओहायोतल्या मर्ल रॉबिन्स या न्हाव्याने काढलेल्या या खेळावर मुलं जीव टाकतात, पण रंग जुळव, आकडा जुळव, संपलं. एक पान उरल्यावर जे ओरडायचं तेही इंग्रजी नव्हे, स्पॅनिश. "प्रत्येक पान टाकताना पूर्ण वाक्य म्हणा" असा नियम मी घातला होता. तिसऱ्या डावात त्याची पुटपुट झाली. पैसे खर्चायचेच असतील तर उनोवर नको.

डॉबल जरा बरा. 55 गोल पानं, प्रत्येकावर 8 चित्रं, आणि कुठलीही दोन पानं घ्या, सारखं चित्र नेमकं एकच; ज्याला आधी दिसेल त्याने त्याचं नाव इंग्रजीत घ्यायचं. नामं पक्की होतात. मात्र ज्याची नजर चपळ तोच सगळी पानं नेतो. शब्द येत असूनही बुजणारी मुलगी रिकाम्या हाताने बसते.

आता नॉट ॲट होम, म्हणजे एकमेकांकडे पानं मागून सारख्या चार पानांची चौकडी जमवायची, आणि मागितलेलं पान हातात नसलं की "नॉट ॲट होम" म्हणायचं. इंग्रजीतलं ओ की ठो न कळणारं पोरही हे तीन शब्द घरूनच घेऊन येतं, मग उरलेला खेळ मराठीत का? "हॅव यू गॉट द सेव्हन ऑफ हार्ट्स?" असंच विचारायचं, प्रश्न अर्धवट राहिला तर पाळी गेली. ज्या चौकडीतलं एखादं पान आपल्या हातात आहे त्याच चौकडीतलं मागता येत असल्याने कोणी काय मागितलं यावर सगळ्यांचे कान असतात. एरवी वर्गात दुसऱ्याचं इंग्रजी कोण ऐकतो? इथे न ऐकणारा हरतो. खोट एवढीच, की महिनाभरात त्या एका वाक्याची पोपटपंची होते. तेव्हा मी पानं बदलते. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा कापून मासळीची चौकडी केली: मॅकरल, सार्डीन, पाँफ्रेट, किंगफिश. बांगड्याला मॅकरल म्हणतात हे कळल्यावर एकाने लगेच त्याचा भाव विचारला, तोही इंग्रजीत. पाचवी-सहावीसाठी मी डोळे मिटून हाच खेळ सुचवेन.

आठवीच्या पुढे मात्र टॅबू. पानावरचा शब्द जोडीदाराला ओळखायला लावायचा, पण तो शब्द आणि खाली लिहिलेले पाच शब्द न उच्चारता. 1989 पासून हा खेळ विकत मिळतो, पण त्यातले काही शब्द अमेरिकन घरातले असतात, इथल्या मुलांना काय कळणार? पानं स्वतः लिहा आणि बंदी दोनच शब्दांवर घाला. माझ्याकडे 'कॅश्यू'ला 'नट' आणि 'ट्री' बंद होते. एकजण म्हणाला, "माय मदर गो फॅक्टरी, शी ब्रेक धिस." व्याकरणाचा पार चुराडा, पण जोडीदार 'कॅश्यू!' म्हणून ओरडला. डावाच्या मध्ये चूक काढायची नाही. मी ती वहीत टिपते आणि डाव संपल्यावर फळ्यावर घेते.

डिक्सिटची 84 चित्रपानं देखणी आहेत. 2010 साली जर्मनीतला वर्षाच्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कारही त्याला मिळाला. पण महागडा डबा आणि खेळायला जेमतेम सहा-आठजण. मोठा वर्ग असेल तर एकेक चित्र दाखवून गोष्ट सांगायला लावा, गुण मोजू नका.

काहीही घ्या, पानं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, तांदळाची पुरचुंडी घालून ठेवा. आषाढात बाहेर राहिली तर वाटताना दोन-दोन चिकटून येतात आणि भांडण मराठीतच होतं.