जुनं पितळी सूर्ययंत्र घेताय? आधी अक्षांश बघा

उन्हावरून वेळ सांगणारं असं यंत्र हातात आलं की मी पहिल्यांदा त्यावर कोरलेले अक्षांश वाचते. पुणं साडेअठरा अंशांवर. पॅरिस जवळजवळ एकोणपन्नासवर. यंत्र आपल्या गावी चालेल की नाही, हा सगळा निर्णय इथेच होतो.

सतराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये मायकल बटरफिल्डने नावारूपाला आणलेली खिशातली तबकडी दिसायला सगळ्यांत गोड. पितळी पक्ष्याची चोच अक्षांश दाखवते. पण ती साधारण ४० ते ६० अंशांतच हलते. लंडनला राहत असाल तर जरूर घ्या. पुण्यात ती वेळ सांगणार नाही.

वापरायलाच हवं असेल तर युनिव्हर्सल रिंग डायल, म्हणजे वेगवेगळ्या अक्षांशांवर लावता येणारं कड्यांचं सूर्ययंत्र. दोन कडी एकमेकांत उघडतात. टांगायची वरची छोटी कडी सरकवून आपल्या अक्षांशावर आणायची, मधल्या पट्टीवरचं भोक तारखेवर ठेवायचं, टांगायचं आणि हळूहळू फिरवायचं. होकायंत्र लागत नाही. सकाळी नऊच्या सुमारास गच्चीवर मोहरीएवढा उजेडाचा ठिपका तासांच्या रेघेवर येऊन बसतो, तो क्षण मला अजूनही हलवून जातो. ही झाली सूर्याची वेळ; घड्याळाची हवी तर पुण्यात तीत सुमारे ३५ मिनिटं मिळवा. शिवाय तारखेनुसार दुरुस्ती असतेच, नोव्हेंबरच्या सुरुवातीला तब्बल १६ मिनिटं वजा. ऐन दुपारी मात्र बाहेरच्या कड्याचीच सावली आड येते.

रात्रीसाठी युरोपात नॉक्टर्नल, म्हणजे ताऱ्यांवरून वेळ सांगणारं यंत्र: मधल्या भोकातून ध्रुव पाहायचा, दांडी सप्तर्षींमधल्या क्रतू-पुलह या ताऱ्यांना लावायची. आपल्याकडे सप्तर्षी मावळतात, त्यामुळे वर्षातले कित्येक महिने संध्याकाळी ते उपयोगाचं नाही.

यंत्रराज, म्हणजे अ‍ॅस्ट्रोलेब, सूर्याच्या किंवा ताऱ्याच्या उंचीवरून वेळ काढून देतो, त्यामुळे दिवसा चालतो नि रात्रीही. महेंद्रसूरींनी १३७० मध्ये त्यावर संस्कृत ग्रंथ लिहिला. पुढे मुघल काळात लाहोरच्या कारागिरांनी अप्रतिम यंत्रं घडवली. आत आपल्या अक्षांशाजवळची तबकडी आहे ना, हे आधी पाहा. ताऱ्यांच्या जागा दाखवणारी जाळी संपातचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरत असल्यामुळे, ७२ वर्षांत एक अंश मागे पडते. १६५० च्या यंत्रात ताऱ्यांवरून काढलेली वेळ वीसेक मिनिटांनी चुकू शकते. सूर्यावरून काढताना ही अडचण येत नाही. शिकायला वेळ लागतो, पण मन माझं यावरच आहे.

नकली माल भरपूर आहे. भिंगातून अक्षरं बघा: हाताने कोरलेल्या रेघेला धार असते, ओतीव अक्षराच्या कडा गोलसर असतात. आणि परदेशी नेणार असाल तर लक्षात ठेवा, शंभर वर्षांहून जुनी वस्तू भारताबाहेर खासगीरीत्या नेता येत नाही.